‘आजारी, घरी पाठविले’ : एका शेऱ्याचा इतिहास

स्मरणिका समितीने यंदा शाळेच्या कपाटातली जुनी हजेरीपत्रकं स्कॅन करायचं काम माझ्याकडे दिलं. मी संगणकावर काम करते, म्हणजे स्कॅनरही मलाच चांगला चालवता येणार, अशी समितीची समजूत. पानं पिवळी पडली आहेत, कडा झिजल्या आहेत, पण अक्षर बहुतेक ठिकाणी सुरेख आहे. हजर मुलाच्या घरात ‘ह’, गैरहजर मुलाच्या घरात लाल शाईचा ‘ग’ आणि उजवीकडे शेऱ्याचा रकाना. त्या रकान्यात एकेका काळचं गाव सापडतं. ‘गोवर’, ‘गालगुंड’, ‘बहिणीचे लग्न’, ‘परगावी’, ‘लावणीस गेला’. आणि सगळ्यांत जास्त वेळा येणारा शेरा म्हणजे ‘आजारी, घरी पाठविले’.

या तीन शब्दांत बरंच काही लिहायचं राहून गेलं आहे. आजारी म्हणजे किती आजारी? कोणी ठरवलं? न्यायला कोण आलं? घरी कोणी होतं का? आपल्या वेळी वर्गशिक्षिकेचा तळहात हाच थर्मामीटर होता. बाई कपाळाला हात लावायच्या आणि निकाल द्यायच्या. शिंकणारा मुलगा बसून राहायचा, डोळे आलेला घरी जायचा, पोटात दुखणाऱ्याला ऑफिसच्या बाकावर निजवून ओवा दिला जायचा. हे असंच का, हे आपण कधी विचारलं नाही. मी ते आता शोधू लागले, तेव्हा लक्षात आलं की या निर्णयाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात चुका, भीती आणि शहाणपण तिन्ही आहेत. तोच इथे थोडक्यात मांडते.

हजेरी सक्तीची झाली तेव्हा

पंतोजींच्या शाळेत हा प्रश्न नव्हता. मूल आजारी पडलं की घरी राही, बरं झालं की येई. प्रश्न उभा राहिला तो शाळा सक्तीची झाल्यावर. इंग्लंडमध्ये १८८० च्या कायद्याने ती सर्वत्र सक्तीची झाली. त्याच सुमाराला लंडनच्या स्कूल बोर्डाने वर्षभर न चुकता येणाऱ्या मुलांना राणी व्हिक्टोरियाची छबी असलेली पदकं द्यायला सुरुवात केली. काही मुलांनी अशी पदकं ओळीने कित्येक वर्षं मिळवली. इतक्या वर्षांत त्या मुलांना एकदाही ताप आला नसेल, हे शक्य नाही. ती ताप घेऊन शाळेत बसली, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे पहिलं पाऊल बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी टाकलं. १८९३ मध्ये अमरेलीत त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ही सक्ती सगळ्या संस्थानात लागू केली. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड होई. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा बडोद्याचं उदाहरण त्यांच्यासमोर होतं. ते विधेयक पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ मध्ये सक्तीचं आणि मोफत शिक्षण सुरू केलं.

इथे एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. भारतात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी पहिल्यांदा झाली ती १९०९ मध्ये, आणि तीही बडोद्यातच. त्यामागचा विचार उघड आहे. मुलाला येण्याची सक्ती करायची, न आल्यास बापाला दंड करायचा, तर आलेलं मूल बसण्याच्या स्थितीत आहे की नाही हे पाहणंही मग सरकारच्याच अंगावर येतं. सक्ती आणि काळजी या दोन गोष्टी एकाच दाराने आत याव्या लागतात. एकच आली की घोटाळा होतो.

भीतीची वर्षं

शाळेतून मूल घरी पाठवण्याची आपली सवय मात्र काळजीपेक्षा भीतीतून आली आहे, आणि ती भीती खोटी नव्हती. देवी, घटसर्प, डांग्या खोकला, गोवर यांनी घरं रिकामी केली आहेत. आपल्या आज्यांच्या पिढीत भावंडं मोजताना ‘जगलेली’ असा शब्द वापरत, तो याच कारणाने.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. पुण्यात घरोघर शिरून झडत्या घेतल्या गेल्या, रोग्यांना आणि त्यांच्या घरच्यांना छावण्यांत नेलं गेलं, आणि त्या संतापाचा शेवट २२ जूनच्या रँडच्या खुनात झाला, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात शिकलो. त्या धामधुमीत एक गोष्ट लोकांच्या मनात पक्की झाली की आजार दिसला की तो लपवायचा, कारण सांगितला तर माणूस नेतात. शाळेला मुलाचं दुखणं न सांगण्याची सवय आजही काही घरांत दिसते. तिचं मूळ अशाच आठवणींत असावं, असं मला वाटतं.

त्याच १८९७ च्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या वस्तीतल्या प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचल्या, त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्यांचा अंत झाला. आपण त्यांना पहिल्या शिक्षिका म्हणतो, पुतळ्याला हार घालतो. पण आजारी मुलाचं काय करायचं या प्रश्नाला एका शिक्षिकेने दिलेलं हे उत्तर आहे, असं त्या घटनेकडे आपण क्वचितच पाहतो. त्यांनी मुलाला ‘घरी जा’ म्हटलं नाही. जिथे उपचार होतील तिथे नेलं.

घरी पाठवा, आणि मग?

याच काळात समुद्रापलीकडे अमेरिकेत हा प्रश्न अगदी शाळेच्या वर्गात तपासला जात होता. बोस्टनमध्ये घटसर्पाच्या साथीनंतर १८९४ मध्ये शाळांसाठी डॉक्टर नेमले गेले. न्यूयॉर्कने १८९७ मध्ये तेच केलं. डॉक्टर सकाळी शाळेत येत, शिक्षकांनी बाजूला काढलेली मुलं पाहत, आणि ज्यांच्यात संसर्गाची शंका येई त्यांना घरी धाडत. उवा, खरूज, गजकर्ण, डोळे येणं, खुपरी, सगळ्यांना एकच औषध : घरी जा.

हेतू चांगला होता. पण न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातली ही मुलं म्हणजे नुकत्याच परदेशांतून आलेल्या गरीब कुटुंबांची. एका खोलीत आठ-दहा माणसं, आईबाप दिवसभर शिवणकामात, इंग्रजी वाचता येत नाही. मुलाच्या हातात दिलेली चिठ्ठी कोणी वाचतच नसे. घरी पाठवलेलं मूल घरी जात नसे, रस्त्यावर जाई. संध्याकाळी शाळा सुटली की ज्यांच्यापासून त्याला लांब ठेवलं त्याच मुलांबरोबर खेळे. आणि औषध न झाल्यामुळे पुढच्या सोमवारी ते पुन्हा तसंच शाळेच्या दारात. डॉक्टर पुन्हा त्याला घरी पाठवत.

त्या वस्तीत लिलियन वॉल्ड नावाची परिचारिका राहत होती. १८९३ पासून ती आणि तिच्या सहकारी तिथे घरोघर जाऊन शुश्रूषा करत. ‘हेन्री स्ट्रीट सेटलमेंट’ म्हणून ती संस्था पुढे प्रसिद्ध झाली. वॉल्डने आपल्या आठवणींत लुई नावाच्या एका मुलाची हकिगत लिहिली आहे. वय बारा वर्षं, आणि अक्षरओळख नाही. डोक्यावर जुना चिघळलेला त्वचारोग होता. त्याने तिला सांगितलं की मी शाळेत जातो, पण प्रत्येक वेळी बाई मला घरी जायला सांगतात. वॉल्डने मलम कसं लावायचं ते त्याच्या आईला दाखवलं, आईने ते मनापासून केलं, आणि डोकं बरं झालं. एवढंच करायचं होतं. पण ते करायला कोणी नसल्यामुळे मुलाच्या शिक्षणाची सगळी वर्षं गेली होती.

१ ऑक्टोबर १९०२ ला वॉल्डच्या सांगण्यावरून न्यूयॉर्कच्या चार शाळांत एक प्रयोग सुरू झाला. लीना रॉजर्स नावाची एक परिचारिका महिनाभर या चार शाळांत रोज फेरी मारणार. लंडनमध्ये काही शाळांत परिचारिका त्याआधीपासून जात होत्या, तिथून ही कल्पना उचलली होती. रॉजर्सकडे मोठी साधनं नव्हती. उवांना रॉकेल आणि तेलाचं मिश्रण, गजकर्णावर आयोडीन, आलेल्या डोळ्यांना बोरिक ॲसिड. ज्याला शाळेतच औषध लावून वर्गात पाठवता येईल त्याला ती वर्गात पाठवी. ज्याला खरोखरच घरी जावं लागे त्याच्या घरी दुपारनंतर ती स्वतः जाई आणि आईला करून दाखवी. खरा संसर्ग असलेलं मूल मात्र डॉक्टरांकडे.

निकाल महिनाभरातच दिसला आणि शहराने आणखी परिचारिका नेमल्या. आकडे बोलके आहेत. सप्टेंबर १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांतून आजारपणामुळे १०,५६७ मुलांना घरी पाठवलं गेलं होतं. वर्षभराने, सप्टेंबर १९०३ मध्ये, तो आकडा १,१०१ वर आला. रोग तेच, मुलं तीच, वस्ती तीच. बदललं इतकंच की मुलाला दाराबाहेर काढण्याऐवजी त्याच्यापाशी थांबणारं एक माणूस शाळेत आलं.

आपल्या वर्गातली एक

लुईची गोष्ट वाचताना मला आपल्या पाचवीच्या वर्गातली एक मुलगी आठवली. तिचं नाव लिहीत नाही. ज्यांना आठवायचं त्यांना आठवेल. तिच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज होती आणि केसांत उवा. तिला कोणी मारलं नाही, वाईटही बोललं नाही. फक्त ‘बरी होऊन ये’ म्हणून घरी पाठवलं. ती चार दिवसांनी आली, तशीच. पुन्हा पाठवलं. तिच्या घरी सहा जण एका गोधडीवर झोपत. खरजेचं औषध एकट्या मुलीला लावून भागत नाही. घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी लावावं लागतं आणि कपडे-अंथरूण गरम पाण्याने धुऊन उन्हात टाकावं लागतं. हे त्यांना कोणी सांगितलं नसावं, आणि सांगितलं असतं तरी औषधाला पैसे लागणारच होते. मग ती यायचीच बंद झाली. सहावीच्या हजेरीपत्रकात तिचं नाव नाही.

यात कोणा एका शिक्षकाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. साठ मुलांचा वर्ग होता, इतर पालकांच्या तक्रारी होत्या, आणि शाळेत औषधाच्या पेटीत कापूस, टिंक्चर आणि डोकेदुखीच्या गोळ्या यापलीकडे काही नव्हतं. पण या मेळाव्याच्या यादीत आपण दहावी झालेल्यांनाच शोधलं. शाळा मध्येच सुटलेल्यांचे पत्ते कोणाकडेच नाहीत. त्यांच्यातल्या काहींच्या नावापुढे शेवटचा शेरा हाच आहे : ‘आजारी, घरी पाठविले’.

१९१८ : शाळा उघड्या ठेवणारी शहरं

इन्फ्लुएंझाची १९१८ ची साथ जूनमध्ये मुंबईत शिरली आणि पावसाळ्यानंतर तिच्या दुसऱ्या लाटेने देश झोडपून काढला. भारतात सव्वा कोटीहून जास्त माणसं गेली. अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्क, शिकागो आणि न्यू हेवन या शहरांनी मात्र त्या चालू ठेवल्या.

न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड आणि मुलांच्या आरोग्य विभागाच्या प्रमुख डॉ. जोसेफिन बेकर यांचा युक्तिवाद साधा होता. दाटीवाटीच्या चाळीत राहणारं मूल घरी किंवा रस्त्यावर जास्त सुरक्षित आहे की हवेशीर, स्वच्छ वर्गात, जिथे रोज सकाळी कोणीतरी त्याच्याकडे नीट पाहतं? रोज शाळा भरताना शिक्षक मुलांना पाहत. शिंक, ताप, लाल डोळे दिसले की मूल बाजूला काढून तपासलं जाई आणि घरी पोचवलं जाई. तो निर्णय बरोबर होता का, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. पण एक गोष्ट विसरता येत नाही. सोळा वर्षांपूर्वी रॉजर्सने सुरू केलेल्या परिचारिकांची फळी तोपर्यंत शाळांत उभी होती. शाळा उघडी ठेवण्याची हिंमत त्या जोरावर आली. ज्यांच्याकडे अशी माणसं नव्हती त्यांनी शाळा बंद केल्या, तर त्यांना नावं ठेवता येणार नाहीत.

कोरोनात आपल्याकडच्या शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या आणि पुढची जवळजवळ दोन वर्षं बऱ्याच मुलांनी वर्ग धड पाहिला नाही. तेव्हा आपल्यापैकी अनेक जण घरून काम करत होतो आणि मुलं शेजारच्या खोलीत मोबाइलवर शिकत होती. ज्यांच्या घरी एकच मोबाइल होता आणि तोही बापाबरोबर कामावर जायचा, त्यांचं काय झालं हे शाळेतल्या शिक्षकांना विचारा. बंद शाळेची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही.

घरी पाठवण्याने साथ थांबते का?

याचं उत्तर आजारागणिक वेगळं आहे. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहराचे आरोग्य अधिकारी डॉ. चार्ल्स चेपिन यांनी १९१० मध्ये संसर्गाच्या वाटांवर एक ग्रंथ लिहिला. रोग फक्त दिसणाऱ्या रोग्याकडूनच पसरतो हा समज त्यांनी खोडून काढला. वरून धडधाकट दिसणारी माणसंही जंतू वाहून नेतात, हे त्यांनी पटवून दिलं. घटसर्पानंतर घरं धुरी देऊन शुद्ध करण्याची जुनी पद्धत त्यांनी आपल्या शहरात १९०५ मध्येच थांबवली होती.

हे आपल्या प्रश्नाला थेट लागू पडतं. गोवर अंगावर उमटण्याच्या चार दिवस आधीपासून पसरत असतो. कांजिण्यांचा पहिला फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधी मूल संसर्ग देत असतं. फ्लूमध्ये लक्षणांच्या साधारण एक दिवस आधी. म्हणजे बाईंचा तळहात कपाळाला लागेपर्यंत शेजारच्या बाकाला जे मिळायचं ते बरंचसं मिळालेलं असतं. साधी सर्दी तर वर्षातून सहा-आठ वेळा लहान मुलांना होतेच. प्रत्येक सर्दीला आठवडाभर घरी ठेवायचं ठरवलं तर वर्षातले सहा-आठ आठवडे सर्दीतच जातील.

खऱ्या मोठ्या आजारांना आळा बसला तो लसीने. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला. १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. गोवराची लस १९८५ च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत गोवर-रुबेलाची मोहीम झाली, तेव्हा आपल्यातल्या अनेकांची मुलं रांगेत उभी होती. आपल्या आईवडिलांच्या मनातली आजाराची भीती आणि आपल्या मुलांच्या वर्गातले आजार यांत आता पुष्कळ अंतर पडलं आहे. नियम मात्र अजून जुन्या भीतीच्या मापाने शिवलेले आहेत.

आज शहाणी माणसं कसं ठरवतात?

बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी अलीकडच्या वर्षांत हा निर्णय बराच सोपा केला आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना तीन प्रश्न विचारायला सांगते. एक, मुलाला वर्गात बसून नेहमीच्या गोष्टींत भाग घेण्याइतकं बरं वाटतंय का? दोन, त्याला लागणारी काळजी शिक्षक इतर मुलांकडे दुर्लक्ष न करता घेऊ शकतील का? तीन, त्याच्यापासून इतरांना घातक आजार होण्याचा धोका आहे का? पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘हो’ आणि तिसऱ्याचं ‘नाही’ असेल तर मुलाने शाळेत थांबावं. इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये शाळांना पत्रच लिहिलं की साधा खोकला-सर्दी असलेल्या मुलाने शाळेत यायला हरकत नाही. ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप असेल तर मात्र घरी.

आजारांचा हिशेब साधारण असा लागतो. वाहतं नाक, कोरडा खोकला, ताप नाही आणि मूल खेळतंय : शाळेत. उवा आणि लिखा : शाळेत, आणि संध्याकाळी घरी औषध. उवांसाठी निरोगी मुलाचा एक दिवसही बुडवू नये, असं ही संघटना स्पष्ट सांगते. खरूज : पहिला उपचार होईपर्यंतच घरी. उलट्या-जुलाब : थांबल्यानंतर ४८ तास घरी. कांजिण्या : सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी. गोवर : पुरळ उठल्यापासून चार दिवस. गालगुंड : सूज आल्यापासून पाच दिवस. आणि श्वासाला त्रास, मान ताठ होणं, सुस्ती, काही केल्या न थांबणारं रडणं, यांपैकी काही असेल तर प्रश्न शाळा की घर असा नसतोच, डॉक्टरकडेच जावं.

एक सवय मात्र आपण पालकांनी सोडायला हवी. सकाळी ताप असताना क्रोसिन देऊन मुलाला रिक्षात बसवायचं. औषधाचा असर चार-सहा तासांचा असतो. तिसऱ्या-चौथ्या तासाला ताप परत चढतो, आणि मग तो निर्णय बाईंच्या गळ्यात पडतो.

परदेशातला नियम मात्र जसाच्या तसा उचलता येत नाही. डोळे आलेल्या मुलाला इंग्लंडमध्ये घरी ठेवत नाहीत. पण जुलै २०२३ मध्ये आळंदीत शाळकरी मुलांमध्ये डोळ्यांची मोठी साथ आली, तेव्हा आपल्याकडच्या डॉक्टरांनी अशा मुलांना घरी ठेवायचा सल्ला दिला, आणि तो रास्त होता. एकाच खोलीत राहणारी, एकच पंचा वापरणारी मुलं असतील आणि हात धुवायला साबण नसेल, तर त्याच आजाराचा हिशेब बदलतो. म्हणजे नियम आजारावर जेवढा अवलंबून आहे तेवढाच नळाला पाणी आहे का यावरही.

माझ्या कामात आम्ही इशारा देणाऱ्या प्रणाली बनवतो. इशारा फार नाजूक ठेवला की खोटी ओरड जास्त होते, फार जाड ठेवला की खरं संकट निसटतं. दोन्हींची किंमत मांडल्याशिवाय रेषा कुठे ओढायची ते ठरवता येत नाही. शाळांनी आजवर एकाच बाजूची किंमत मांडली : आजारी मूल वर्गात राहिलं तर काय होईल. ते घरी गेलं तर काय होईल, ही बाजू कोऱ्या रकान्यासारखी राहिली. रोजंदारीवरच्या आईचा दिवस बुडतो. ती कामावर गेली तर मूल एकटं राहतं, नाहीतर थोरली बहीण शाळा बुडवून सांभाळते. दुपारची खिचडी चुकते, आणि काही मुलांचं ते दिवसातलं सगळ्यांत भरवशाचं जेवण असतं.

आपल्या शाळेपुरतं

भोर समितीने १९४६ मध्ये लिहून ठेवलं की भारतात शालेय आरोग्यसेवा जवळपास नाहीतच. १९६० मध्ये सरकारने त्यासाठी खास समिती नेमली, पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्याचा शुभारंभ आपल्याच पालघरला झाला. त्याचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येतं. हृदयाचं छिद्र, तिरळे डोळे, कुपोषण अशा गोष्टी त्यामुळे वेळेवर सापडतात, हे मोठं काम आहे. पण मंगळवारी तिसऱ्या तासाला ज्याचं अंग तापलं, त्याच्यासाठी वर्षातून एकदा येणारं पथक काय करणार?

मेळाव्याच्या बैठकीत आपल्या बॅचतर्फे शाळेला ‘संपूर्ण हजेरी’ची फिरती ढाल द्यावी अशी सूचना आली आहे. सूचना प्रेमाने आली आहे. आपल्यातल्या दोघांना ते बक्षीस एकेकाळी मिळालं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. तरीही माझा तिला विरोध आहे, आणि तो या लेखातून नोंदवते. लंडनच्या पदकांनी जे केलं तेच ही ढाल करील. तापलेलं मूल ढालीसाठी येऊन बसेल. ज्याला दमा आहे, थॅलेसेमिया आहे, ज्याला वर्षातून चार वेळा दवाखान्यात जावंच लागतं, त्याला ती ढाल जूनमध्येच सांगेल की तू यात नाहीस. न पडलेला आजार हा कोणाचा पराक्रम नव्हे.

त्याच पैशात दुसरं काही होऊ शकतं. ऑफिसशेजारची जुनी चित्रकलेची खोली रिकामी आहे. तिथे दोन खाटा, एक डिजिटल थर्मामीटर, हात धुवायचा नळ आणि साबण, उवांचं आणि खरजेचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्ण कुटुंबाला पुरेल एवढं, आणि दारावर मराठीत लावलेला एक तक्ता : कोणी थांबायचं, कोणी जायचं, किती दिवस. आठवड्यातून तीन सकाळी येणारी एक परिचारिका, तिचं मानधन आपण बॅचने वाटून घ्यायचं. आपल्या बॅचमध्ये दोन डॉक्टर आहेत. वर्षातून एक दुपार त्यांनी शिक्षकांना दिली तरी पुरे. आणि घरी पाठवलेलं मूल तीन दिवसांत परतलं नाही तर त्याच्या घरी कोणीतरी जाऊन यायचं. रॉजर्सच्या कामातला हाच भाग सगळ्यांत स्वस्त होता आणि सगळ्यांत जास्त उपयोगी पडला.

हजेरीपत्रकात छापलेला शेऱ्याचा रकाना अरुंद आहे, पण त्यात आणखी दोन शब्द बसतील एवढी जागा आहे. ‘आजारी, औषध लावले, वर्गात बसला.’ किंवा ‘आजारी, घरी पोचविले, आई भेटली.’ मुख्याध्यापकांशी माझं बोलणं झालं आहे. खोली द्यायला त्यांची तयारी आहे. खर्चाचा अंदाज मी मेळाव्याच्या दिवशी घेऊन येते आहे. ढालीवर मत देण्याआधी तो एकदा पाहा, एवढी विनंती.